वाचकांचे प्रश्न : गिटार कॅबिनेटचा आवाज नको तिथे फाटतो तेव्हा

सोलापूर आणि आसपासहून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे. पेडल बंद, चॅनेल क्लीन, तरी कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून, खरखर, घरघर, फरफर. मुद्दाम फाडलेल्या आवाजाबद्दल कुणी विचारलेलं नाही, त्यामुळे उत्तरंही फक्त नको असलेल्या आवाजाबद्दलच आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ५० वॉटचं व्हॉल्व्ह हेड (स्पीकर नसलेला वेगळा अॅम्प) आहे आणि त्याखाली १२ इंची दोन स्पीकरचं, मागून बंद कॅबिनेट. सरावाची खोली अशोक चौकाच्या बाजूला, भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर वाजवलं की घर्रर्र असा आवाज येतो, बाकी सगळे स्वर स्वच्छ. दुकानदार म्हणतो, कोन गेले, दोन्ही स्पीकर बदला. बदलावेत का?

उत्तर : एवढ्यात नको. तिसरा ते पाचवा फ्रेट म्हणजे ९८ ते ११० हर्ट्झ. घरघर तेवढ्याच पट्ट्यात येते, हीच तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची माहिती. कोन (स्पीकरचा कागदी पडदा) फाटला असता किंवा कॉइल (कोनला मागे जोडलेली, चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) घासत असती, तर तिने स्वर निवडले नसते. खालच्या पट्टीत जोरात वाजवलेल्या प्रत्येक स्वरावर ती कमीजास्त ऐकू आली असती. दोन-तीन स्वरांवरच घरघर म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे आणि त्या कंपनाला ते थरथरतंय.

ते सैल काही कॅबिनेटमध्येच असेल असंही नाही. खोलीत ड्रम सेट असेल तर स्नेअरच्या खालच्या तारा सोडवा. गिटारच्या खालच्या स्वरांना त्या हमखास वाजतात आणि ऐकणाऱ्याला स्पीकर फाटल्यासारखं वाटतं. लोखंडी कपाट, खिडकीचं तावदान, छताचा पत्रा यांचंही तेच. सोपा उपाय म्हणजे कॅबिनेट उचलून बाहेर मोकळ्यावर न्यायचं आणि तेच तीन स्वर वाजवायचे. घरघर गेली तर दोष खोलीचा.

बाहेरही आली, तर हेड कॅबिनेटवरून उतरवून जमिनीवर घडी घातलेल्या चादरीवर ठेवा. (हवा खेळायच्या झडपा झाकू नका, व्हॉल्व्ह तापतात.) आता आवाज बंद झाला तर कॅबिनेटच्या धक्क्याने हेडमधलं काहीतरी हलत होतं: व्हॉल्व्ह धरून ठेवणारी स्प्रिंग, रिव्हर्बची टाकी किंवा एखादा मायक्रोफोनिक झालेला, म्हणजे धक्का लागला की स्वतःच वाजणारा, छोटा ईसीसी ८३ व्हॉल्व्ह. अॅम्प चालू असताना पेन्सिलच्या रबराच्या टोकाने छोट्या व्हॉल्व्हना एकेक करून हलकेच टिचकी मारा. सगळे थोडे वाजतात. एखादा घंटेसारखा घुमत राहिला तर तो बदला. त्याची किंमत स्पीकरपेक्षा फारच कमी असते.

तरीही आवाज आहेच, तर आता कॅबिनेटची पाळी. मोबाईलवर टोन जनरेटरचं अॅप घ्या, मोबाईल अॅम्पला जोडा, साइन वेव्ह निवडा आणि ९० ते ११५ हर्ट्झ अगदी सावकाश फिरवा, आवाज बोलण्याइतकाच. घरघर सुरू झाली की तिथेच थांबा. एकाने टोन चालू ठेवायचा आणि दुसऱ्याने तळहाताने एकेक भाग दाबत जायचं: मागची फळी चारही बाजूंनी, पत्र्याचे कोपरे, स्प्रिंगचं हँडल, जॅक बसवलेली पट्टी, पुढच्या जाळीच्या कापडाची चौकट, कंपनीचं नाव असलेला बिल्ला, चाकं. ज्यावर हात ठेवल्यावर आवाज थांबेल तोच चोर. बिल्ला आणि हँडल यांच्यावर सहसा कुणी संशय घेत नाही, म्हणून ते आधी बघा.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी. लाकूड आकसतं, मागच्या फळीचे स्क्रू आपोआप सैल पडतात. ते हाताने आवळा. ड्रिलवर बिट लावून आवळलं तर भोकातले आटे निघतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. भोक आधीच मोठं झालं असेल तर त्यात फेविकॉल लावलेल्या दोन-तीन दातकोरण्या ठोका, रात्रभर वाळू द्या, वरचा भाग कापून पुन्हा स्क्रू बसवा. फळी आणि चौकट यांच्यात ३ मिलिमीटर जाडीची चिकट फोम पट्टी सलग लावली की मागच्या फळीची कटकट संपते.

एवढं करून काही सापडलं नाही तरच स्पीकरला हात लावा. अॅम्प बंद, केबल काढलेली. मागची फळी उघडा आणि कोनपर्यंत जाणाऱ्या दोन विणलेल्या लवचिक तारा बघा. त्या कोनला टेकत असतील तर फटफट असा आवाज येतो. हलक्या हाताने वाकवून दूर करा. कॅबिनेटच्या आतली वायर कोनवर लोंबत असेल तर केबल टायने बाजूला बांधा. डस्ट कॅपच्या (कोनच्या मधोमध असलेल्या गोल टोपीच्या) कडेवर नखाने हलकी टिचकी मारा. एखाद्या बाजूला आवाज वेगळा, कोरडा आला तर तिथलं चिकटवण सुटलंय, तिथे लवचिक गोंदाचा बारीक थर पुरतो. मग दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपभोवती सारख्या अंतरावर ठेवून कोन सरळ आत ढकला, २-३ मिलिमीटरच, आणि कान जवळ न्या. गुळगुळीत, मूक हालचाल हवी. कागदावर कागद घासल्यासारखी बारीक सरसर आली तर कॉइल घासतेय. एका बाजूने तिरकं दाबलंत तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून दाब सगळीकडे सारखा ठेवा.

कॉइल घासत असली तरी लगेच भंगारात नको. स्पीकरचे बोल्ट कुणी जोर लावून आवळले असतील तर चौकट किंचित पिळते आणि कॉइल मध्यावरून सरकते. सगळे बोल्ट पाव-पाव फेरा सैल करा आणि पुन्हा दाबून ऐका. सरसर गेली तर समोरासमोरच्या जोड्या करत दोन-तीन टप्प्यांत आवळा, नुसते घट्ट बसतील इतकेच. जुना स्पीकर वर्षानुवर्षं एकाच स्थितीत उभा राहून खाली झुकलेला असू शकतो. तो काढून १८० अंश फिरवून बसवला की पुष्कळदा पुढची काही वर्षं सुखात जातात.

शेजारच्या यंत्रमागाबद्दल : कापसाचा उडता तंतू कोनवर बसला तर काही बिघडत नाही. मॅग्नेटच्या पाठीमागे हवेचं भोक असलेल्या स्पीकरमध्ये तो कॉइलच्या फटीत गेला तर मात्र बिघडतं. मऊ ब्रशने बाहेरून झाडा. कंप्रेसरची हवा मारू नका. बाहेरचा तंतू आत जातो. आणि कॅबिनेटमध्ये स्पीकर असताना धातूला भोक पाडू नका, कानस चालवू नका. लोखंडाचा कीस मॅग्नेट ओढून घेतो आणि तो काढणं तंतू काढण्यापेक्षा कठीण.

प्रश्न : १२ इंची चार स्पीकरचं कॅबिनेट आहे, प्रत्येक स्पीकर १६ ओहमचा. गेल्या कार्यक्रमात आवाज अचानक निम्मा झाला आणि जोर दिला की फाटायला लागला. कोन चारही चांगले दिसतात.

उत्तर : कोन बघून हे कळणार नाही, मल्टिमीटर लावा. कॅबिनेट अॅम्पपासून सोडवा, केबलचं एक टोक कॅबिनेटमध्ये राहू द्या आणि दुसऱ्या टोकाच्या पिनवर टोक आणि दांडा यांच्यात ओहम मोजा. १६ ओहमचा स्पीकर मीटरवर १२-१३ ओहम दाखवतो, ८ चा साडेसहाच्या आसपास. त्यात बिघाड नाही. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो आणि स्पीकरवर लिहिलेला आकडा चालू सिग्नलचा असतो.

चार १६ ओहमचे स्पीकर सिरीज-पॅरलल (दोन-दोन एकामागे एक, आणि अशा दोन फांद्या समांतर) जोडले की एकूण पुन्हा १६, म्हणजे मीटरवर सुमारे १३. तुमचं मीटर २६ दाखवत असेल तर एक अख्खी फांदी तुटली आहे. त्या फांदीतला एक स्पीकर किंवा त्याचा एक जोड गेला की त्याचा जोडीदारही गप्प बसतो, म्हणून दोन स्पीकर मेलेत असं वाटतं. गप्प असलेल्या दोघांच्या वायर सोडून दोन्ही वेगवेगळे मोजा. एकाचं मीटर उघडं सर्किट दाखवेल; दुसरा बहुधा ठणठणीत असेल. आकडा येतोय पण कोन दाबला की उड्या मारतोय, तर लवचिक तार आतून तुटत आलीय. आणि दोघेही ठीक निघाले तर जॅकच्या पट्टीवरचे सोल्डरचे डाग बघा. कॅबिनेटवर मोनो-स्टिरिओचा खटका असेल तर तो आठ-दहा वेळा इकडेतिकडे फिरवा, आत काजळी धरते. तारा सोडवण्याआधी मोबाईलवर जोडणीचा फोटो मात्र काढून ठेवा.

उरलेले दोन फाटतात कारण अॅम्पचा सगळा भार त्यांच्यावर आला आहे. शिवाय हेडला १६ ऐवजी ३२ ओहमचा लोड दिसतो आहे. व्हॉल्व्ह हेडच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हे मानवत नाही, आणि कॅबिनेट न जोडता चालवलं तर तो जळूही शकतो. दुरुस्त होईपर्यंत हे कॅबिनेट वापरू नका.

प्रश्न : कोनला दोन सेंटिमीटरची चीर गेली आहे. फेविक्विक चालेल का?

उत्तर : नाही. ते कागदात मुरून काचेसारखं कडक होतं आणि कोन त्याच्या कडेने पुन्हा फाटतो. फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळा. एक पदरी टिश्यू किंवा वापरून धुऊन वाळवलेल्या टी-बॅगचा कागद घ्या. चिरेच्या सगळ्या बाजूंनी ५-६ मिलिमीटर जास्त येईल असा तुकडा कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेली कड विरळ असते, ती कोनवर बेमालूम बसते. स्पीकर पालथा ठेवून आधी मागून लावा: ब्रशने पातळ मिश्रण, त्यावर कागद, वरून पुन्हा मिश्रण. फुगा राहू देऊ नका. वाळला की पुढून तसंच. पूर्ण दिवस वाळू द्या, वर जाड लेप नको. कोन जड झाला की वरच्या पट्टीतला उजेड जातो.

चीर बाहेरच्या सुरकुत्यांच्या कडेला असेल तर फेविकॉल नको, तिथे रबरासारखा लवचिक राहणारा गोंद लागतो, कारण कोन तिथूनच हलतो. आणि चीर कॉइलच्या गळ्याजवळ असेल तर ठिगळ लावण्यात वेळ घालवू नका, कोन बदला.

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा आहे. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत छोटे कार्यक्रम बरेच असतात, तेव्हा जागा आणि टेम्पोचं भाडं वाचवायला कीबोर्ड आणि बेस गिटारही गिटारच्याच कॅबिनेटमधून काढतो. दोघंही फाटतात. अॅम्प ६० वॉटचा, स्पीकर ६० वॉटचा, मग अडचण काय?

उत्तर : वॉट जुळतात, काम जुळत नाही. गिटारच्या १२ इंची स्पीकरचा कोन हलका आणि कडेला आखूड चालीचा असतो. त्याची स्वतःची कंपनसंख्या बहुधा ७५ हर्ट्झच्या आसपास, कॉइलची सरळ चाल जेमतेम मिलिमीटरभर. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झ, म्हणजे त्याच्या हद्दीत. बेसची खालची तार ४१ हर्ट्झ. तिथे कोनला कितीतरी जास्त पुढेमागे जावं लागतं, कॉइल चुंबकाच्या फटीबाहेर पडते आणि फर्र असा आवाज येतो. कीबोर्डवरच्या ढोलक आणि किकच्या टोनचंही तेच. वॉटचा आकडा कॉइल किती तापेल ते सांगतो. कोन किती हलेल ते सांगत नाही.

बेस गिटारला तिचंच कॅबिनेट द्या, यात तडजोड नको. कीबोर्ड थेट मिक्सरमध्ये द्या. अगदीच अडलं तर कीबोर्डच्या इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा आणि अॅम्प निम्म्यावर ठेवा. कीबोर्डचा वरचा खणखणीतपणा मात्र तरीही मिळणार नाही. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही ऐकवतच नाही, म्हणून तर डिस्टॉर्शनची गिटार त्यातून कानाला गोड लागते.

आणखी एक. कॅबिनेटला जोडलेली केबल एकदा उघडून बघा. गिटारची आणि स्पीकरची केबल बाहेरून सारखीच दिसते, दोन्हीला तीच ६.३५ मिलिमीटरची पिन. पिनचं टोपण फिरवून काढा. आत मधोमध एक बारीक तार आणि भोवती जाळी असेल तर ती गिटारची केबल. कॅबिनेटला ती चालत नाही, तापते आणि आवाज आकसतो. दोन सारख्या जाड तारा हव्यात, प्रत्येक १.५ चौरस मिलिमीटरची, लांबी ५ मीटरच्या आत.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीत जनरेटरवर अॅम्प लावला की आवाज लवकर फाटतो. घरी तोच अॅम्प चांगला.

उत्तर : जनरेटर चालू, लाईट चालू, बेसचे अॅम्प चालू असताना तुमच्या अॅम्पच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजा. जनरेटरच्या मीटरवरचा आकडा उपयोगाचा नाही, मधली लांब बारीक वायर बरंच खाते. २०७ ते २५३ मध्ये असेल तर ठीक. १८४ पर्यंत उतरलं असेल तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी ५ व्होल्टच मिळतात आणि एचटीही (व्हॉल्व्हचा उच्च दाबाचा पुरवठा) तेवढ्याच प्रमाणात उतरतं, मग अॅम्प आधीच क्लिप होणार, म्हणजे फाटणारच. जनरेटरपासून स्वतंत्र, २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढा आणि एक किलोव्होल्ट-अँपिअरचा सर्व्हो स्टॅबिलायझर लावा. हम (विजेची गुणगुण) कमी व्हावी म्हणून अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच, ऐकू नका. हातात गिटार आणि ओठांशी माइक असताना त्या सल्ल्याची किंमत जीव असू शकते.

प्रश्न : सूर वाजवताना स्वच्छ, पण विरत जाताना शेवटी फुसफुस येते. पॉवर व्हॉल्व्ह नुकतेच बदलले.

उत्तर : मग बायस (सूर नसतानाही व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहतो ते ठरवणारी जुळणी) लावून घ्यायचं राहिलं. बायस थंड असलं, म्हणजे हा प्रवाह फार कमी असला, की मोठ्या आवाजात कळत नाही, सूर विरताना मात्र लाटेच्या दोन अर्ध्यांमध्ये फट पडते आणि तीच फुसफुस ऐकू येते. स्पीकरचा यात संबंध नाही. सुराच्या खाली दुसराच एक बेसूर सूर डोकावत असेल तर ती खूण फिल्टर कपॅसिटर सुकल्याची. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे १०० हर्ट्झची गुणगुण सुरात मिसळते. दोन्ही कामं व्हॉल्व्ह अॅम्प येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. आत ४००-५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसेच राहतात.

प्रश्न : गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरवर हेडफोनमध्ये छान वाजतं, कॅबिनेटला जोडलं की चोंदलेलं आणि फाटकं.

उत्तर : प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) बंद करा. एका कॅबिनेटमधून दुसरं कॅबिनेट वाजतंय. अॅम्पला मागे रिटर्न जॅक असेल तर तिथे जोडा. पुढच्या गिटार इनपुटला प्रोसेसरचा आउटपुट फार जोराचा पडतो. गिटारला अॅक्टिव्ह पिकअप असतील तर ९ व्होल्टची बॅटरी मोजा, ८ च्या खाली असेल तर बदला. केबल गिटारला लावून ठेवली की ती रात्रभर उतरत राहते.

प्रश्न : कॉइल जळाली आहे हे नक्की. गावातल्या स्पीकर दुरुस्ती करणाऱ्याकडून कोन-कॉइल बदलून घ्यावी की नवा स्पीकर घ्यावा?

उत्तर : चौकट आणि मॅग्नेट चांगल्या कंपनीचे असतील तर बदलून घेण्यात अर्थ आहे, स्वस्त स्पीकरमध्ये नाही. पण दुकानात आधी विचारा की कोन कुठला बसवणार. आपल्याकडे मंडप आणि डीजेच्या स्पीकरचं काम जास्त, त्यामुळे हाताशी असतो तो जाड कोन आणि कापडी कडा. तो गिटारच्या स्पीकरमध्ये बसतो, वाजतोही, पण आवाज मठ्ठ होतो. गिटारसाठी कोन पातळ, कडा त्याच कागदाची सुरकुत्यांची हवी. कॉइलचा व्यासही मोजूनच सांगा: पुष्कळ गिटार स्पीकरमध्ये तो ४४ मिलिमीटर असतो, काहींत ३८.

कॉइल का जळाली तेही बघा. २५ वॉटचे दोन स्पीकर ५० वॉटच्या व्हॉल्व्ह हेडला लावले तर कागदावर हिशेब जुळतो. पण हेड पूर्ण फाडून वाजवलं की ते लिहिलेल्यापेक्षा बरंच जास्त, काही वेळा दुपटीच्या जवळ, बाहेर टाकतं. स्पीकरच्या वॉटची बेरीज हेडच्या दीडपट तरी ठेवा. अॅम्प ट्रान्झिस्टरचा असेल तर नवा कोन लावण्याआधी आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा, गिटार न वाजवता. काही मिलिव्होल्ट ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर दोषी अॅम्प आहे आणि तो नवी कॉइलही जाळेल. अॅम्प चालू करताच कोन एका बाजूला सरकून तिथेच थांबत असेल तर मोजतही बसू नका, लगेच बंद करा.

दुरुस्त होऊन आला की पैसे देण्याआधी दुकानातच तीन गोष्टी करा. मीटरवर ८ ओहमच्या स्पीकरचा रोध ६ ते ७ च्या दरम्यान येतो का बघा. कोन सारखा दाबून सरसर ऐका. आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा: धन टोक लाल खुणेच्या टर्मिनलला लावल्यावर कोन पुढे यायला हवा. मागे गेला तर कॉइलच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. एकट्या स्पीकरमध्ये ते कळणार नाही, पण जोडीच्या कॅबिनेटमध्ये बसवला की बेस (खालचे स्वर) गायब होईल.